फरशीवर मांडलेलं गणित

आमच्या खालच्या मजल्यावरचा फरशीवाला मिस्त्री कोणाच्याही घरी गेला की आधी खाली बघतो. समोरचा "या, या, बसा" म्हणत असतो आणि याची नजर त्याच्या पायाखाली. मग हा चपलेची टाच हळूच आपटतो. फरशी भरीव वाजली की गडी खूश. पोकळ वाजली की संपलंच. चहा येतो, गप्पा होतात, पण याचं निम्मं लक्ष त्या पोकळ फरशीत. त्याची बायको सांगते, "लग्नानंतर पहिल्यांदा माझ्या माहेरी आले, तर दारातली फरशी सुटलीय एवढंच बोलले. माझी आई म्हणाली, चला, जावई मुका नाही हे तरी कळलं."

माणूस बुटका, चाळिशीतला. वर्षानुवर्षं गुडघ्यांना रबरी गाद्या बांधून काम केल्यामुळे चाल जराशी फेंगडी झालेली. हाताचे अंगठे इतके खरबरीत की काडेपेटीची काडी त्यांच्यावर घासली तर पेटावी. त्याच्या दोन खोल्यांत त्याने स्वतःच फरशी घातली आहे, तीही प्रत्येक कामावरच्या उरल्यासुरल्या तुकड्यांची. इथे निळी, तिथे करडी, मध्येच कोणाच्या तरी बाथरूमची गुलाबी. नवा माणूस आला तर त्याला वाटावं, आपण दुकानात नमुने बघायला आलोय. पण त्या फरशीवरून पाण्याचा थेंब सोडा, बरोबर मोरीकडेच जातो.

या घरात गोटी वाढली. गोटी हे टोपणनाव, कारण पोरगी गोल आणि एका जागी थांबत नाही. वय वर्षं अकरा. भाषेत पुढे, विज्ञानात पुढे, बोलण्यात तर फारच पुढे. आणि सहावीच्या वार्षिक परीक्षेत गणितात शंभरपैकी एकोणीस.

शाळेने कळवलं, महिन्याभराने फेरपरीक्षा आहे. पास झाली तर सातवीत, नाहीतर पुन्हा सहावी. गोटीने ते पत्र वाचलं, "मी त्या बारक्या पोरांबरोबर बसणार नाही" असं जाहीर केलं आणि बाथरूममध्ये जाऊन आतून कडी लावली. तासभर बाहेर आली नाही.

त्याच संध्याकाळी मिस्त्री माझ्या दारात उभा. मी एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, म्हणून अख्खी इमारत मला बाई म्हणते.

"बाई, एक विचारू? मीपण सहावीतच नापास झालो होतो. गणितातच. दोनदा. मग वडिलांनी पाटी काढून घेतली आणि थापी हातात दिली." तो माझ्या उंबऱ्याकडे बघत बोलत होता. "हे माझंच उतरलंय तिच्यात. तिला पण मी थापी द्यायची का आता?"

"गणित रक्तातून उतरत नसतं," मी म्हटलं. "आळस उतरतो. पाठवा तिला उद्यापासून."

आळशी ती नव्हती. आठ दिवस रोज वेळेवर आली. घोटाळा वेगळाच होता.

"एक छेद चार मोठं की एक छेद आठ?"

"एक छेद आठ."

"का गं?"

"आठ मोठे ना, बाई."

मी समजावलं. वहीत गोल काढले, गोलांत रेघा मारल्या. सात वेळा तेच केलं. आठव्या वेळेला माझा आवाज चढला, तिचे डोळे भरले आणि मी पुस्तक मिटलं. खाली जाऊन मिस्त्रीला सरळ सांगितलं, "मला जमत नाहीये. माझा आवाज चढतो आणि तिचं डोकं बंद होतं. दुसरं कोणी बघा."

त्याने मान हलवली, सिमेंट संपलंय असं सांगितल्यासारखी. "बघतो मी."

"तुम्ही?" माझ्या तोंडून गेलंच. फार वाईट निघाला तो शब्द. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

चार दिवसांनी गोटीची माझ्याकडे राहिलेली कंपासपेटी द्यायला गेले. दार उघडंच होतं. बाप गुडघ्यांवर, लेक पोटावर झोपलेली, मध्ये एक पांढरी फरशी आणि बाजूला कटर. मिस्त्रीने फरशी मधोमध कापली. एका अर्ध्याचे दोन तुकडे केले. दुसऱ्या अर्ध्याचे चार.

"बक्षीस घे," तो म्हणाला. "चौघांत वाटली तर हा मिळेल. आठ जणांत वाटली तर हा. कुठला घेतेस?"

"चौघांतला."

"का? आठ मोठे ना?"

गोटी उठून बसली. दोन्ही तुकडे दोन हातांत घेऊन तोलले. "अय्या! माणसं वाढली की तुकडा बारका होतो!" मग ओरडलीच, "आई, खालचा आकडा वाढला की तुकडा बारका होतो!"

"मग ओरडतेस कशाला, मी काय बहिरी आहे?" आतून उत्तर आलं.

"बाबा, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"मला आकडे नको विचारूस. कापताना हाताला कळतं तेवढं सांगतो."

मी आत पाऊल टाकलं तशी गोटी किंचाळली, "बाई, तिकडून या! त्या नव्या फरश्यांच्या रांगेवर पाय नका देऊ, ती अजून पाऊणच लागलीय!"

त्या दिवसापासून मीही रोज खाली जाऊ लागले. शिकवायला नाही, बघायला. कामावरून आल्यावर मिस्त्री हात धुवायचा, चहा प्यायचा आणि गुडघ्यांच्या गाद्या पुन्हा बांधायचा. गोटीसाठी त्याने जुन्या चपलेच्या रबराची बारकी जोडी केली होती. एक मग सिमेंट, चार मग वाळू. असा पाच मग माल झाला तर सिमेंट कितवा हिस्सा? गोटी म्हणाली, चौथा. "चार वाळूचे, तर सिमेंटचा एक मग कुठे गेला, तू प्यायलीस?" यावर ती इतकी हसली की माल सांडला आणि आईने दोघांनाही अंगणात पिटाळलं.

आई कपडे धुऊन देण्याच्या दुकानात इस्त्री करते. तिची शिकवणी वेगळी. मोठी चादर दोघींनी टोकांना धरायची. "दुमड. किती?" "अर्धी." "दुमड." "पाव." "दुमड." "अर्धपाव." "उलगडताना सांग आता. आणि कोपऱ्याला कोपरा लाव, नाहीतर तुझं गणित बरोबर आणि माझी चादर वाकडी."

एकदा मिस्त्रीने दोरीला गाठी मारून तीन हात, चार हात आणि तिरकी पाच हात अशी ताणली. "आता कोपरा गुण्यात आला. काटकोन म्हणतात ना तुमच्यात?" मी विचारलं, हे कुठे शिकलात. म्हणाला, "वडिलांनी दाखवलं. त्यांना त्यांच्या वडिलांनी. का, चुकीचं आहे?" माझ्या वर्गात मुलांच्या गळी हे उतरवायला मला दरवर्षी तीन आठवडे लागायचे.

परीक्षेला आठवडा राहिला तेव्हा मी सराव पेपर काढला. तिसरा प्रश्न मुद्दाम सोपा घातला: खोली बारा फूट लांब, दहा फूट रुंद. एक फूट बाय एक फुटाची फरशी. किती लागतील?

गोटीने लिहिलं, एकशे बत्तीस.

मी लाल फुली मारली. "एकशे वीस. बारा दाहे एकशे वीस. इतकं सोपं चुकतेस?"

"चुकलं नाहीये, बाई."

"चुकलंय!"

मिस्त्रीने वही हातात घेतली, डोळे बारीक केले. "बरोबर आहे की."

"तुम्ही मध्ये पडू नका."

"बाई, दहाला एक तुटीची धरायची असते. कटरवर फुटतात, गाडीत फुटतात, कोपऱ्यात वाया जातात. एकशे वीसच आणल्या आणि शेवटच्या दिवशी दोन कमी पडल्या, तर तोच रंग पुन्हा मिळत नाही. आयुष्यभर त्या घरात दोन फरश्या वेगळ्या दिसणार. कोणाला शिव्या बसतील? तुम्हाला?"

"परीक्षेत फरश्या फुटत नाहीत!"

"फुटत नाही अशी फरशी मी बघितली नाही."

"मी पण नाही," गोटी म्हणाली.

मी कपाळाला हात लावला. मग मलाच हसू फुटलं. मिस्त्रीची बायको इस्त्रीच्या कपड्यांचा गठ्ठा घेऊन दारात उभी होती, तीपण हसायला लागली. "बाई, तुम्ही दोघांशी एकदम भांडू नका. एकेकाला गाठा."

शेवटी तह झाला. पेपरात जेवढं विचारलं तेवढंच लिहायचं. मिस्त्रीला ते मुळीच पटलं नव्हतं. लेकीला बाजूला घेऊन म्हणाला, "तिथे नको धरूस. पण कामावर धर हं." हे बाजूला घेणं सगळ्या इमारतीला ऐकू गेलं.

परीक्षेच्या दिवशी मिस्त्रीने अर्ध्या दिवसाची रजा घेतली. मीपण गेले. शाळेच्या पायऱ्यांवर आम्ही दोघं बसलो. त्याने पहिल्या पाच मिनिटांत दुसऱ्या पायरीची फरशी पोकळ असल्याचं शोधून काढलं आणि शिपायाला जाऊन सांगितलं. त्यानंतर दीड तास बाकीच्या पायऱ्या टाचेने वाजवत बसला.

गोटी बाहेर आली ती लाल चेहऱ्याने. "मला उठवलं वर्गातून!"

मिस्त्री उभाच राहिला. "का?"

"मी सारखी खाली बघत होते. अठ्ठेचाळीसचा तीन छेद चार काढायचा होता. आमच्या वर्गात चौकोनी फरश्या आहेत ना, बाकाखाली चार-चार मोजत होते, चारांतल्या तीन घ्यायच्या. सर म्हणाले, खाली काय लपवलंस? बाकाखाली वाकून बघितलं. काही नव्हतं. म्हणाले, काय बघतेस मग? मी म्हटलं, फरशी. म्हणाले, आगाऊपणा करतेस? आणि मला ऑफिसात नेऊन बसवलं, क्लार्कच्या समोर."

"मग पेपर?" माझा आवाज चढला होताच.

"दिला ना तिथे. पण तिथे नुसता कोबा आहे, बाई! सगळी जमीन सपाट, एक रेघ नाही. मला रडायलाच आलं. पाच प्रश्न राहिले होते."

मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. पाच प्रश्न म्हणजे किती मार्क, हे तो बोटांवर मोजू लागला.

"मग काय केलंस?" मी विचारलं.

"मग मीच घातली."

"काय घातलीस?"

"फरशी. डोळे मिटले, दोरी धरली आणि मनातल्या मनात घालत गेले. पाचही प्रश्न झाले." मग बापाकडे बघून म्हणाली, "एकही फुटली नाही."

मिस्त्रीने तिला उचललं. अकरा वर्षांची, गोल पोरगी, भर पायऱ्यांवर. ती "बाबा, सोडा, सगळे बघतायत" म्हणून ओरडत होती आणि सोडू देत नव्हती.

दहा दिवसांनी निकाल लागला. एकाहत्तर. तिने फळ्यावरचा आकडा बघितला, मला बघायला लावला, शिपायाला बघायला लावला. त्या पर्यवेक्षक सरांनाही हात धरून आणलं. ते बिचारे म्हणाले, "छान. पण खाली बघून मोजायचं असलं तर आधी सांगत जा."

मला वाटलं, संपलं. पण रविवारी दुपारी मिस्त्री पुन्हा माझ्या दारात. हातात गोटीची तीच प्रश्नपत्रिका, चार घड्या पडलेली.

"बाई, मी सोडवू का? तुम्ही तपासाल?"

खाली त्यांच्या घरी त्याला खुर्ची-टेबलावर बसवलं ते गोटीने. "परीक्षा जमिनीवर बसून नसते." बाप खुर्चीत असा अवघडून बसला की जणू दात काढायला आलाय. गोटी हात मागे बांधून त्याच्याभोवती फेऱ्या घालत होती. बायकोने स्वयंपाकघरातलं घड्याळ आणून समोर ठेवलं आणि चहा मागितला तरी दिला नाही. दोन तास तो लिहीत होता. जीभ दातांत धरून, एकेक आकडा कोरल्यासारखा.

मी तपासलं. कसलीही सूट दिली नाही. मला ती कधी देताच आली नाही. उत्तरं बरीचशी बरोबर, पण बाकी सगळी जागा कोरी.

"रीत कुठाय?" गोटी खांद्यावरून वाकून बघत म्हणाली. "बाबा, रीत लिहायची असते! तिचे वेगळे मार्क असतात!"

"रीत हातात असते. कागदावर कशी उतरवणार?"

"मग गेले मार्क!"

गेले. तरी अठ्ठावन्न उरले. मी शेवटी लाल शाईने आकडा लिहिला, खाली "उत्तीर्ण" लिहिलं. त्याने कागद घेतला, मग परत माझ्यासमोर ठेवला. "सही करा ना, बाई."

मी सही केली. पूर्ण नावाची, तारखेसकट.

त्याची बायको तीन फुटांवर उभी होती. सगळं तिच्या कानांवर पडलं होतं. तरी तो उठून तिच्याकडे गेला, कागद तिच्यापुढे धरला आणि म्हणाला, "वाच."

तिने मोठ्याने वाचलं. "अठ्ठावन्न. उत्तीर्ण."

"अजून एकदा," गोटी म्हणाली.

तिने अजून एकदा वाचलं.