राहीबाईचं देवक

कुंडलमध्ये राहीबाईला ओळखत नाही असा माणूस नव्हता आणि राहीबाई मूळची कुठली हे सांगू शकेल असाही नव्हता. मोठ्या दुष्काळात माणदेशाकडून माणसांचे तांडेच्या तांडे कृष्णाकाठाला उतरले. त्यांतल्या एका बाईनं आपली चार-पाच वर्षांची पोर पाटलांच्या दारात ठेवली आणि पदरात जोंधळे घेऊन ती निघून गेली, एवढीच गावाची माहिती. या व्यवहाराला कुणी विक्री म्हणत नसे. पोर सांभाळायला दिली, असं म्हणत. राहीबाई घरातलीच होती. घरातलीच असल्यामुळे तिला मजुरी द्यायचा प्रश्न कधी निघाला नाही.

ती उपवर झाली तेव्हा दोन-तीन ठिकाणांहून विचारणा झाली होती, नाही असं नाही. पण पाटलीणबाई शालूबाईंनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं. पोरीचं देवक, म्हणजे कुळानं पुजायचं आणि कधी न जाळायचं झाड, ठाऊक नाही, मग सोयरीक जुळवायची कशी? उद्या एकाच देवकाचे निघाले म्हणजे भावा-बहिणीचं लग्न लावल्याचं पाप कुणाच्या माथी? हे ऐकल्यावर कुणाची पुढं बोलायची छाती होईना. राहीबाईलाही ते पटलं होतं. शालूबाईंची बाळंतपणं तिनं काढली, त्यांचा हंबीरराव कडेवर खेळवला, त्याच्या लग्नात मांडवाचं देवक बसवताना ती बाजूला उभी राहून बघत होती. आपल्याला देवक नाही, म्हणजे आपल्या मागे कुणी नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. ज्या बाईनं तिला दारात ठेवलं तिला ती मनातल्या मनात वाट्टेल ते बोलून घेई. आईला शिव्या घालायला जगात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून तेही काम तिनंच अंगावर घेतलं होतं.

सेहेचाळीस सालच्या हिवाळ्यात मास्तरांच्या बायकोनं, लीलाबाईंनी, शाळेच्या पडवीत बायकांसाठी वाचन सुरू केलं. या लीलाबाई सांगलीच्या. तिथल्या वाचनालयातून त्यांनी एक जाडजूड ऐतिहासिक कादंबरी आणली होती. साताऱ्याच्या गादीच्या काळातली गोष्ट. त्या काळी माणसं विकत मिळत आणि बाईचा भाव तिचं वय आणि हातपाय बघून ठरे. अशीच एक मुलगी दुष्काळात एका सरदाराच्या घरी विकली जाते आणि तिथं बटीक म्हणून वाढते. आई जाताना घरच्यांना पोरीचं देवक सांगून जाते, आणि पुढं कधीतरी तिला न्यायला परत येते.

बायका आल्या होत्या दुपार घालवायला. पण लीलाबाई पडल्या मास्तरीण. प्रकरण संपलं की त्या पुस्तक मिटत आणि प्रश्न विचारत. आईनं केलं ते बरोबर की चूक? मुलीच्या काय काय लक्षात राहिलं, आणि तेवढंच का राहिलं? एकदा त्यांनी विचारलं, गुलामी म्हणजे नेमकं काय? रंगुबाई नावाची एक वयस्क बाई म्हणाली, की असलं काही आपल्या गावात कधी नव्हतं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि राहीबाईकडे कुणीही बघितलं नाही. राहीबाईच्या ते ध्यानातही आलं नाही. तिला दुसरीच गोष्ट खुपत होती. आई परत येते ते प्रकरण वाचून झालं, तेव्हा कधी तोंड न उघडणारी ही बाई एकदम म्हणाली, "ह्ये खोटं लिवलंय. आया परत येत न्हाईत."

लीलाबाईंनी विचारलं, असं का वाटतं? त्यावर तिचा चेहरा असा झाला की लीलाबाईंनी पुढचा प्रश्न विचारायचं टाळलं.

शालूबाई आता सत्तरी ओलांडून अंथरुणाला खिळल्या होत्या. अर्धांगानं उजवी बाजू गेली होती. दिवस कलला की राहीबाई त्यांना पेज भरवायची, आणि भरवता भरवता त्या दिवशीचं वाचन सांगायची. सांगण्याची तिची रीत वेगळी. पुस्तकातल्या सरदाराचा वाडा तिच्या तोंडी पाटलांचं घर व्हायचा, घोडी जाऊन बैल यायचे. कादंबरीत देवक कुठलं ते लिहिलेलं नव्हतं. पण नाव घेतल्याशिवाय गोष्ट रंगेना, म्हणून तिनं कळंब घातलं. कळंबच का, तर फार लहानपणीची एकच गोष्ट तिला आठवत होती. तिनं चुलीत सारलेली कळंबाची फांदी कुणीतरी झडप घालून बाहेर ओढली होती आणि तिच्या पाठीत धपाटा घातला होता. हात आठवत होता, हातातल्या बांगड्या आठवत होत्या, तोंड आठवत नव्हतं. त्या धपाट्याचा अर्थ तिनं कधी कुणाला विचारला नव्हता.

"देवक कळंब, येवडं ध्येनात ठिवा, आसं म्हनली ती बाई," राहीबाई सांगत होती. "आनि सुगी झाल्यावर आली बघा परत. दारात हुबी ऱ्हायली."

शालूबाईंनी पेजेचा घोट गिळला नाही. तो ओठाच्या कडेनं खाली आला.

"कुनी सांगितलं तुला?"

"मास्तरीनबाईंनी. बुकात हाय."

"बुकात कसं आसंल? दारात मी आन ती, दोगीच हुतो."

राहीबाईला आधी वाटलं, म्हातारीला भ्रम झाला. मग हातातली वाटी तिनं खाली ठेवली. शालूबाई मात्र थांबेनात. इतकी वर्षं दाबून धरलेलं एकदा तोंडातून निसटल्यावर त्यांना ते आवरेना. राहीबाईची आई जाताना हेच, कळंबाचं, देवक सांगून गेली होती. पाऊसपाणी झाल्यावर, दुसऱ्या सुगीला, ती परतही आली होती. नेले होते तेवढे जोंधळे डोक्यावर घेऊन, पोर सोडवायला. त्या वेळी राहीबाई परड्यात शेणी थापत होती.

"मग?" राहीबाईनं विचारलं.

"म्या सांगितलं, पोर पटकीनं गेली." शालूबाईंना धाप लागली होती. "माजं दिवस भरलं हुतं. हाताखाली कुनीतरी पायजे हुतं. लळा बी लागलावता गं, खोटं न्हाई सांगत."

"आन देवक का न्हाई सांगितलं?"

"लगीन झालं आसतं तर तू गेली आसतीस."

राहीबाईला राग आला, पण तो कुणावर काढावा हे कळेना. समोरची बाई अर्धी मेलेली होती. आणि ज्या आईवर इतकी वर्षं राग काढला, ती तर डोक्यावर ओझं घेऊन दारापर्यंत आली होती. तिनं विचारलं, त्या जोंधळ्यांचं काय झालं? शालूबाई म्हणाल्या, की बाईनं ते दारातच टाकले. उचलून न्यायचं तिला सुचलंच नाही. घरानं ते खाल्ले. राहीबाईच्या वाट्यालाही त्यातल्या भाकरी आल्या असतील.

"रडली का?"

"लय रडली. उंबऱ्यावर डोस्कं आपटलं."

"नाव काय तिचं?"

शालूबाईंनी डोळे मिटले. "इचारलं न्हाई."

पेज निवून गेली होती. राहीबाईनं वाटी म्हातारीच्या डाव्या हाताशी सरकवली. भरवायला मात्र ती बसली नाही. उठून बाहेर आली आणि उंबऱ्यावर टेकली. आपल्यासाठी जगात कुणीतरी रडलं होतं, आणि याच जागी. तिला आता आईसाठी रडायचं होतं. पण मेल्या माणसासाठी रडताना बायका त्याचं नाव घेतात, गुण काढतात, कुठल्या गावची होती ते सांगतात. राहीबाईजवळ यातलं काहीच नव्हतं. कळंबाचं एक देवक होतं, आणि ते घेऊन आता कुणाच्या मांडवात जायचं होतं? नुसतं आई गं, आई गं म्हणून तिनं बघितलं. ते हाक मारल्यासारखं होईना, कुठंतरी लागल्यासारखंच वाटे.

आईच्या लेखी आपण मेलो, हे तिला त्यानंतर उमगलं. ती जगली असेल तितकी वर्षं आपल्याला मेलेलं धरूनच जगली. मग रस्त्याकडे तोंड करून राहीबाई हळूच म्हणाली, "मी जित्ती हाय गं."

रस्त्यानं उसाची गाडी चालली होती. गाडीवानाला वाटलं, बाई आपल्यालाच काहीतरी म्हणतेय. त्यानं मान डोलावली आणि बैल पुढं हाकले.