नखावरची धार

रहाटणीत कुणाच्याही घरी गेल्या, की चहा येईपर्यंत गोजाबाई स्वयंपाकघरात शिरून सुरी बघत. अंगठ्याच्या नखावर पातं हलकेच टेकवायचं. घसरलं तर बोथट, रुतलं तर धार. मग बाहेर येऊन निकाल.

"इंदुताई, ह्या सुरीनं भाजी चिरता का भाजीची समजूत घालता?"

बायका हसत. पण गोजाबाई येणार म्हटलं, की कपबशी उलटी करून तिच्या बुडावर घाईघाईनं सुरी घासून ठेवत. धाकट्या मुलासाठी पाहिलेली एक मुलगी गोजाबाईंनी तिच्या घरच्या सुरीवरूनच नाकारली होती. निशिगंधाला थोरल्या रोहिदासनं स्वतःच पसंत केलं, त्यामुळे तिच्या आकुर्डीच्या माहेरातली सुरी बघायची राहून गेली.

गोजाबाईंची स्वतःची सुरी रोहिदासनं कंपनीच्या भंगारातल्या हॅकसॉ ब्लेडची करून दिली होती. मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. कुरुंदाच्या दगडावर पाणी शिंपडून त्या तिला धार लावत. पातं जवळजवळ आडवं धरून, दाब न देता, दोन्ही अंगांनी सारखी. निशिगंधाला लग्नात रंगीत सुऱ्यांचा संच मिळाला होता. त्याला त्या 'खेळणी' म्हणत.

गोजाबाईंचा साखरेचा आजार जुनाच होता. गेल्या उन्हाळ्यापासून बोटं बधिर व्हायला लागली. नखावर पातं रुतलं की घसरलं, हे आता त्यांना हाताला कळत नव्हतं. त्या नुसतं टेकवत आणि पात्याच्या रंगरूपावरून काहीतरी बोलून टाकत. निकाल पूर्वीइतकाच कडक असे. बोटांचं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, रोहिदासलाही नाही.

काकड्याच्या समाप्तीला गावाचा महाप्रसाद असतो. सकाळी बायका आपापली सुरी घेऊन देवळामागच्या मांडवात भाजी चिरायला बसतात. निशिगंधानं ऑफिसातून सुट्टी काढली आणि आपली हिरवी सुरी आणली. आदल्या दिवशी कोथिंबीर चिरताना तिचं बोट कापलं होतं, त्यावर पट्टी होती.

"खेळणं आणलं का?" गोजाबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या. "जपून. लेकराला लागंल."

कोबीचा ढीग वाढत गेला. टोपलं भरायला वाकलेल्या इंदुताई एकदम मागं सरल्या.

"अगं बाई, रगत! कुणाचा हात कापला?"

पांढऱ्या कोबीवर लाल थेंब होते. बायका आपापले हात बघायला लागल्या, पण त्याआधीच गोजाबाईंची नजर त्या पट्टीवर गेली होती.

"कुणाचा असणार? बोथट सुरीच बोट कापती. किती येळा सांगितलं हिला!"

"आई, हे कालचं आहे. पट्टी कोरडी आहे, बघा ना."

"देवाचं काम हाय, सूनबाई," इंदुताई म्हणाल्या. "हाताला जखम, तर यायचं कशाला? सगळा ढीग टाकावा लागला की न्हाई आता?"

तेवढ्यात गोजाबाईंचं लक्ष स्वतःच्या डाव्या हाताकडे गेलं. अंगठ्याची कड चिरून उघडी पडली होती. काहीच दुखत नव्हतं. निशिगंधा सुरी पुसून पिशवीत घालत होती. उठली, चपला घातल्या, मांडवाबाहेर पडली. बोललेला शब्द मागं घ्यायला तेवढा वेळ पुष्कळ होता. गोजाबाईंनी अंगठा मुठीत दाबला आणि मूठ पदरात घेतली.

"मी औषध घेऊन येते," असं म्हणून थोड्या वेळानं त्याही घरी आल्या. मोरीत नळाखाली हात धरला. रक्त थांबेना, आणि एका हातानं चिंधी बांधता येईना. शेवटी हाक मारावी लागली.

"निशे..."

निशिगंधानं अंगठा पाहिला. कापूस दाबून धरला, पट्टी घट्ट बांधली.

"तिथंच लागलं ना?"

"कळलंच न्हाई गं. बोटं मेल्यात माजी."

"नंतर तर कळलं?"

गोजाबाई मोरीच्या कठड्याकडे बघत राहिल्या. "व्हय."

"मी असतानाच?"

"...व्हय."

निशिगंधानं पट्टीचं उरलेलं टोक कापलं. "दुपारी पंगतीला सगळ्याच असतील, आई."

"उद्या सांगते की इंदुताईला."

निशिगंधा बाहेर गेली. गोजाबाईंच्या चपला उचलून तिनं उंबऱ्यापाशी, तोंड रस्त्याकडे करून ठेवल्या.

दुपारी मांडवात बायकांची पंगत बसली होती. "या गोजाकाकू, जागा धरलीय," इंदुताईंनी हाक दिली. निशिगंधा मागं खांबापाशी थांबली. गोजाबाईंनी पट्टी बांधलेला अंगठा पुढं केला. आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा बारीक निघाला.

"त्ये रगत माजं व्हतं. हिचं न्हवं."

क्षणभर वाढप्याची बादली थांबली. मग इंदुताई हसल्या. "अवो, मग काय झालं! वयाच्या मानानं व्हायचंच. बसा, गरम हाय तवर जेवून घ्या."

"बसा की, काकू," दुसरी म्हणाली. तिसरीनं त्यांच्यासाठी पत्रावळ मांडली.

गोजाबाई बसल्या नाहीत.

"सकाळी हिला कुणी का म्हणलं न्हाई, व्हायचंच म्हणून?"

इंदुताई भाताचं आळं करत राहिल्या.

"मीबी म्हणलं न्हाई," गोजाबाई म्हणाल्या. "हिला पयली मीच बोलले." आणि खांबाकडे मान वळवायचा धीर त्यांना झाला नाही.