आडवा नकाशा

१९५८ साल. मी अठरा वर्षांचा होतो आणि आठवीत होतो. हसायचं असेल त्यानं आताच हसून घ्यावं. तेव्हा मिशा फुटलेली पोरं आठवी-नववीत सर्रास असायची. माझी शाळा त्याच वर्षी संपली, पण ती मी संपवली, कोणी मला काढलं नाही. एवढं आधी सांगतो आणि मग पुढचं.

सातवी झाल्यावर चार वर्षं मी हिवरखेडला घरच्या वावरात राबलो. खेळायचो हुतूतू. दम असा होता की समोरच्या अंगणात जाऊन गप्पा मारून आल्यासारखा परत यायचो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावात सामने व्हायचे, ते पाहायला अकोल्याच्या एका हायस्कुलाचे ड्रिल मास्तर आले होते. सामना संपला तसे ते थेट आमच्या घरी. बाजेवर बसले, चहा घेतला आणि मायला म्हणाले, "पोराला शिकवा. फी माफ करून देतो. बोर्डिंगात राहील, दोन वेळचं जेवण शाळेचं."

मास्तर गेले तसं मायनं मला विचारलं, "काहून रे? आपल्यावर एवढा जीव काहून आला त्याले?"

"खेळासाठी, माय."

"मंग खेळासाठी बोलवावं. शिक्षणाचं नाव काहून घेते तो?"

तिचा हा प्रश्न मी गाठीला बांधून अकोल्याला नेला. तिथं कोणी हसून बोललं की मी आधी त्याच्या हाताकडं पाहायचो.

शाळेत दर शनिवारी प्रार्थना झाली की हेडमास्तर नियम वाचत. आम्ही मैदानात रांगेत उभे, ते ओट्यावर. परीक्षेत नक्कल करेल त्याचं नाव पटावरून कमी होईल. सहामाहीत जो नापास, त्याला शाळेच्या नावावर कोणताही खेळ खेळता येणार नाही. वक्तृत्व मंडळात यायचं तर वर्गशिक्षकाची चिठ्ठी पाहिजे. संमेलनात मुलींच्या बाजूला कोणी फिरकणार नाही. हेडमास्तर पुण्याकडचे होते. एकेक शब्द धुऊन वाळत घातल्यासारखा बोलायचे.

नियमाची मला भीती नव्हती. पण मी डोळे उघडे ठेवून होतो. वकिलाच्या पोराला चिठ्ठीशिवाय मंडळात घेतलेलं मी पाहिलं. खेड्यावरच्या पोराला चिठ्ठी मागायला पाठवत, आणि चिठ्ठी देणारा कधी जागेवर सापडत नसे. म्हणजे नियमाला एक दार पुढून होतं आणि एक मागून. मला मागच्या दारानं आणलं आहे, हा संशय मला पहिल्या महिन्यातच आला. ड्रिल मास्तर रोज संध्याकाळी मला गिलासभर दूध पाजायचे. अभ्यास झाला का, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

म्हणून मी अभ्यास केला. शिकायची आवड होती असं खोटं सांगणार नाही. कोणी म्हणू नये की याला दूध पाजून पास केला, म्हणून केला.

सहामाही आली. भूगोलाच्या दिवशी पाहतो तर माझी जागा बदललेली. माझा नंबर खिडकीच्या रांगेत होता, तो उचलून मागच्या कोपऱ्यात टाकलेला, कपाटाच्या आड. कपाट नकाशांचं. दार अर्धं उघडं. पहाऱ्यावर ड्रिल मास्तर. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "आरामात लिही. मी आहे."

मी आहे म्हणजे काय? पेपर माझा, मग हे कशाला आहेत? मी पायानं कपाटाचं दार लावलं आणि बाक दोन हात पुढं ओढला. मास्तरांनी पाहिलं आणि दुसऱ्या रांगेकडं वळले.

प्रश्न होता : वऱ्हाडचा नकाशा काढून नद्या, डोंगर आणि रेल्वे दाखवा. मी मनात हसलो. हा नकाशा मला झोपेतून उठवून विचारला तरी येत होता. गावच्या शाळेत आमचे गुरुजी सकाळी पोरांना पटांगणात बसवायचे आणि काडीनं जमिनीवर नकाशा काढायचे. भिंतीवरचा नकाशा आमच्या शाळेत नव्हताच. मी तो इतके वेळा काढला होता की हाताला तो मातीच्या रस्त्यासारखा पाठ झाला होता. काढला, नावं घातली, पेपर दिला आणि बाहेर आलो.

दिवाळीच्या सुट्टीनंतर भूगोलाचे सर पेपर घेऊन वर्गात आले. कडक माणूस. त्यांच्याबद्दल मला तेवढा संशय नव्हता, कारण ते कोणाशीच गोड बोलत नसत. त्यांनी मला उभं केलं आणि माझा पेपर सगळ्या वर्गाला दाखवला.

"हा नकाशा आडवा का आहे?"

मला प्रश्न कळला नाही. मी म्हणालो, "आडवा कुठी हाये, सर? बरोबर हाये."

वर्ग फिदीफिदी हसला. सरांनी पेपर फिरवून धरला. "असा धरला की बरोबर आहे. अगदी जेवढ्यास तेवढा. मोर्शीपासून मेहकरपर्यंत एक रेघ चुकलेली नाही. हे नुसत्या हातानं येत नाही. कागदाखाली छापील नकाशा ठेवून गिरवला, की येतं. आणि खालचा नकाशा आडवा ठेवला होतास, हे तुला गिरवताना कळलं नाही."

मागच्या बाकावरून एकजण म्हणाला, "कपाटाजवळच बसला होता न सर, हात घातला असंन!"

"हुतूतूवाला हाये, सर. हात लावून पयते!"

मी वळून पाहिलं तशी ती पोरं गप्प झाली. पण गप्प झाली ती माझ्या अंगाला पाहून. त्यांना माझं खरं वाटलं म्हणून नाही. हे मला कळत होतं आणि तेच डोक्यात गेलं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर हेडमास्तरांनी सगळ्या शाळेसमोर माझं नाव घेतलं. नक्कल केल्याचा संशय आहे, चौकशी होईपर्यंत खेळ बंद, दोष ठरला तर नाव कमी. मुलींच्या रांगेपर्यंत सगळ्या माना माझ्याकडं वळल्या. मी मान खाली घातली नाही. समोर झेंड्याचा खांब होता, त्याच्याकडं पाहत राहिलो.

खेळ बंद झाल्याबरोबर ड्रिल मास्तर बोर्डिंगात आले. अमरावतीचे सामने दोन दिवसांवर आले होते. त्यांच्या हातात कागद आणि दौत.

"दोन ओळी लिहून दे. चूक झाली, पुन्हा होणार नाही. बाकी मी मिटवतो."

"चूक झालीच नाही तर लिहू कायले?"

"अरे, लिहिल्यानं काय हात झडतो का? हेडमास्तरांशी बोललो मी. माफी आली की ते सोडून देतात. गाडीत बस, अमरावतीला चल, खेळ. कोण लक्षात ठेवणार आहे?"

"मी ठेवणार हावो."

त्यांनी दूध मागवलं. मी गिलासाला हात लावला नाही. म्हणालो, "मास्तर, एक सांगा. माही जागा काहून बदलली होती तुमी?"

ते दौतीचं बूच लावू लागले. "तुझ्याच भल्यासाठी."

"मी मांगतलं होतं का भलं?"

"लेका, तू पास झाला नसता तर काय केलं असतं मी? सगळ्या शाळेची टीम तुझ्या जिवावर उभी केली!"

झालं. मायच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. या माणसाला पेपर पाहायच्या आधीच ठाऊक होतं की हा पोट्टा नापास होणार. भूगोलाच्या सरांनी मला चोर म्हटलं ते पेपर पाहून. यांनी न पाहता म्हटलं. आणि त्या दोन ओळी एकदा लिहून दिल्या की मी जन्मभर चोर, तोही माझ्या सहीनं. मी कागद तसाच परत दिला आणि थेट हेडमास्तरांच्या खोलीकडं निघालो. मागून मास्तर येत होते.

खोलीत भूगोलाचे सरही होते. मी म्हणालो, "मले पुन्हा काढू द्या. तुमच्या समोर."

हेडमास्तरांनी सरांकडं पाहिलं. सर उठले. आम्ही रिकाम्या वर्गात गेलो. सरांनी खडू हातात दिला. "काढ."

मी फळ्यासमोर उभा राहिलो आणि हात चालेना. एक रेघ ओढली, पुसली. दुसरी ओढली. सातपुडा कुठून धरू तेच कळेना. सर नुसते पाहत होते. हेडमास्तरांनी घड्याळाकडं पाहिलं. ड्रिल मास्तर दारात उभे होते, त्यांनी मान हलवली, सांगितलं होतं न, अशी. मला वाटलं, आता मी खराच चोर ठरलो.

मग माझ्या ध्यानात आलं की मी कोणीकडं तोंड करून उभा आहे हेच मला माहीत नाही. खडू ठेवून दिला.

"सर, बाहेर चला."

"का?"

"इथी सूर्य दिसत नाही."

हेडमास्तर वैतागले, पण भूगोलाचे सर पुढं झाले. मैदानात आलो. दिवस कलला होता, सूर्य मावळतीकडं. मी त्याच्याकडं पाठ केली, तोंड उगवतीकडं, आणि खाली बसून बाभळीच्या काडीनं ओढायला लागलो. आता हात कोणाला विचारीना. डाव्या हाताला सातपुडा. त्याच्या खोबणीत धारणी. उजव्या हाताला वाशिमकडचे डोंगर. समोरून पूर्णा निघाली ती माझ्या गुडघ्याकडं वाहत आली. आगगाडीची रेघ पायापासून सरळ पुढं, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा. मूर्तिजापुरापासून छोटी गाडी एक डावीकडं अचलपूरला, एक उजवीकडं यवतमाळला.

सर माझ्या मागं उभे होते. मग हळूहळू चालत माझ्या उजव्या अंगाला गेले आणि तिथून मान वाकवून पाहू लागले. बराच वेळ पाहिलं.

"तुझे गुरुजी तुम्हाला कसे बसवायचे?"

"उगवतीकडे तोंड करून. त्याईनं सांगतलं, आधी सूर्य पाहा, मंग गाव शोधा."

"नकाशात उत्तर दिशा वर असते, हे नाही सांगितलं?"

"पुस्तकात होतं. पण वर तं आभाय असते, सर."

सर हसले. त्या माणसाला मी पहिल्यांदा हसताना पाहिलं. हेडमास्तरांकडं वळून म्हणाले, "यानं गिरवला नाही. याचा नकाशा असाच आहे. छापील पाहिला असता तर असा आडवा आलाच नसता. माझा आरोप मी मागे घेतो."

मी उभा राहिलो, हात झटकले.

"ठीक," हेडमास्तर म्हणाले. "विषय संपला. सामानाची तयारी कर. उद्या सकाळी टीम अमरावतीला निघते."

"प्रार्थनेत सांगसान न, सर?"

"काय?"

"मी नक्कल केली नाही हे. नाव प्रार्थनेत घेतलं होतं. सगळ्याईच्या समोर."

हेडमास्तरांनी ड्रिल मास्तरांकडं पाहिलं. त्या दोघांत नजरेनं काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, पण काहीतरी झालं. मग हेडमास्तर गोड आवाजात म्हणाले, "सांगू की. आधी अमरावतीहून शील्ड तर घेऊन ये. मग सगळ्या शाळेसमोर तुझा सत्कारच करू."

"आन शील्ड नाही आली तं?"

ते खोलीकडं वळले.

म्हणजे जिंकलो तर साव आणि हरलो तर चोर. नकाशाचा आणि शील्डचा संबंध काय? मी तिथंच सांगितलं, "मी नाही जात."

भूगोलाचे सर म्हणाले, "अरे, हट्ट करू नकोस. खेळ तुझा आहे." त्यांच्या बोलण्यात खोट नव्हती, पण त्यांचंही मी ऐकलं नाही.

बोर्डिंगात टीमचा कॅप्टन माझ्या खाटेवर येऊन बसला. "काय भाव खाऊन राहिला बे? तुह्याशिवाय आमी हरतो न! अन् ते काय सांगतीन प्रार्थनेत? इकडून आयकलं, तिकडून सोडलं. पोट्टे कायले ध्यानात ठेवते?"

"नाव घेतलं तवा तुनं ध्यानात ठेवलं का नाही?"

तो खाटेवरून उठला. मग म्हणाला, "ठेवलं."

"मंग."

दुसऱ्या दिवशी सकाळी टीम वळकट्या घेऊन टांग्यानं स्टेशनवर गेली. ड्रिल मास्तर पुढच्या टांग्यात होते, त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. टीम तिथं हरली की जिंकली हे मी त्यानंतर कोणालाच विचारलं नाही.

टांगे वळले तसा मी माझीही वळकटी बांधून ठेवली, गावाकडं न्यायला, आणि शाळेत गेलो. ड्रिलच्या खोलीत हुतूतूचं अंगण आखायची चुन्याची फक्की गोणीत भरलेली असायची. ती मी टोपल्यात काढली, मैदानात आलो आणि प्रार्थनेच्या रांगा लागतात त्या सगळ्या जागेवर वऱ्हाडचा नकाशा आखला. आडवा. हेडमास्तर सांगणार नव्हते, तर शाळेनं आपल्या डोळ्यांनी पाहावं. सातपुडा मुलींच्या रांगेच्या जागी आला आणि पूर्णा ओट्याच्या पायरीपाशी येऊन संपली. पोरं येऊ लागली. कुठं उभं राहावं कळेना, म्हणून कडेकडेनं थांबली. कोणी हसलं, कोणी विचारलं. मी एकेका गावाचा ठिपका टाकत राहिलो. हेडमास्तर ओट्यावर आले आणि खाली पाहत राहिले. तेव्हा मी फक्कीचं टोपलं बाजूला ठेवलं, नकाशात चालत गेलो आणि हिवरखेडच्या जागी, उगवतीकडं तोंड करून, घंटेची वाट पाहत उभा राहिलो.