रंगवलेले दिवे आणि बटण दाबायची पाळी

रंगाच्या डब्याच्या काठावर ओघळ सुकत जातात. कालचा निळा, त्यावर आजचा सोनेरी, आणि एक दिवस झाकणच बसेनासं होतं. आमच्या दुकानातल्या किश्श्यांचं तसंच झालंय. आता सांगून टाकलेलेच बरे.

दुकान उमरग्यात, हायवेला लागून. मालक माझे सख्खे मामा, जुने वायरमन. घरोघरचे जुने दिवे, झुंबरं, भिंतीवरचे ब्रॅकेट आम्ही घासून, रंगवून नव्यासारखे करून देतो. रंगकाम गफूरचाचांचं. तीस वर्षं त्यांनी ट्रक रंगवले. तिसरी मी, वैशाली, बी.एस्सी. फिजिक्स. मला विजेची भयंकर भीती वाटते.

म्हणजे दिवा घासते मी, प्रायमर मारते मी, पण बटण दाबायची वेळ आली की रस्त्यावर जाऊन उभी राहते. पेटला की आत येते.

मामांनी दोन वर्षं सहन केलं. मग यंदा गणपती उठल्यावर म्हणाले, "वैशे, दसऱ्यापर्यंत मुदत. एक दिवा गिऱ्हाइकाच्या घरी स्वतः टांगायचा, स्वतः बटण दाबायचं. जमलं तर दुकानाच्या बोर्डावर माझ्या नावाखाली तुझं नाव. न्हाय जमलं तर येरमाळ्याला आईबापाकडं जायाचं. पोरं बघायला येऊन बसल्यातच तिथं!"

मला बोर्डच हवा होता.

*

चाचांनी रंगवलेला पहिला दिवा एका डॉक्टरांचा. तपासणीच्या टेबलावर लोंबणारा, गंजलेला. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, "साधा पांढरा. बाकी काही नको."

चाचांनी पांढराच केला. पण मोकळी जागा दिसली की त्यांचा हात राहत नाही. कडेनं लाल किनार आली, चार कमळं आली. आणि खालच्या बाजूला, पेशंट उताणा झोपला की बरोबर डोळ्यांसमोर येईल असं सुंदर अक्षरात लिहिलं, "फिर मिलेंगे."

डॉक्टर तरातरा दुकानात आले. "चाचा, माझा पेशंट बरा व्हायला पाहिजे का परत यायला पाहिजे?"

चाचा ब्रश पुसत म्हणाले, "वो तुम तय करो साब. मैं तो सिर्फ लिखनेवाला!"

दिवा अजून तसाच आहे. डॉक्टरांनी पुसून मागितला नाही.

*

माझी पहिली कामगिरी याहून थोर. एक जुना ब्रॅकेट मी इतक्या मनापासून रंगवला की कुठं एक ठिपका सोडला नाही. होल्डरच्या आतसुद्धा दोन हात दिले. आतला पितळेचा भाग काळा पडला होता, बरं दिसत नव्हतं.

मामांनी बल्ब लावला. पेटेना. दुसरा लावला. तोही पेटेना. मग त्यांनी चष्मा लावून होल्डरमध्ये वाकून बघितलं आणि नखानं आतला रंग खरडला.

"रंगातनं करंट जात न्हाय, हे कितवीला असतं गं?"

"आठवीला, मामा."

"आन् तू कुठवर शिकलीस?"

*

एके दिवशी दोन गिऱ्हाइकं एकदम आली. एक, ढोकीला नोकरी करून रिटायर झालेले आणि आता उमरग्यात राहणारे अण्णा. त्यांच्या हातात वडिलांच्या वेळचा पितळी दिवा, खरोखरचा जुना, काळपट, सुंदर. "याला चकाचक सिल्वर मारा. सुनंला लाज वाटती."

दुसरा हायवेवरचा ढाबेवाला. त्याच्याकडं खोक्यातून नुकताच काढलेला कोरा करकरीत दिवा. "ह्यो जुना दिसला पायजे. मोठ्या शहरातली लोकं फोटो काढायला थांबत्यात."

मामांनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "आमचा रंग कशाला नासता? अदलाबदल करा की!"

अण्णा खवळले. "माझ्या वडलांची वस्तू हाय ती! अशी कुणालाबी देऊ व्हय?"

"मग सिल्वर?"

"सिल्वर मारा!"

आठ दिवस मी अण्णांच्या दिव्यावरचं जुनेपण झाकत होते आणि चाचा स्पंजनं ढाबेवाल्याच्या दिव्यावर खोटा गंज रंगवत होते. दोघंही न्यायला आले आणि खूश होऊन गेले. वाईट फक्त मलाच वाटलं.

*

एका झुंबराच्या वाटीतून पाल निघाली, त्याचा किस्सा मी सांगणार नव्हते. पण चाचा सगळ्यांना सांगतातच.

माझ्या हातात सोनेरी स्प्रे. पाल माझ्या मनगटावर. मी किंचाळले, बोट मात्र दाबलेलंच राहिलं. नेमके मामा चहाचा कप घेऊन आत येत होते. डावी मिशी सोन्याची झाली.

मामा पुतळ्यासारखे उभे. चाचांनी मान तिरकी करून, ट्रककडं बघतात तसं बघितलं. "शेठ, हिलू नक्को. दूसरी बाजू भी मारतूं, जोडी बैठना!"

*

दसऱ्याला चार दिवस राहिले तेव्हा जवळच्याच एका गावातून काम आलं. सुमनअक्कांच्या घरचं झुंबर. मुलीचं लग्न दारातच होतं, म्हणून त्यांनी ते आमच्याकडून मोरपंखी रंगात करून घेतलं होतं. मामा म्हणाले, "हेच टांग. एकटीनं."

मी गेले. अंगणात निम्मी भावकी जमलेली, मला बघायला. मी आधी मेन स्विच बंद केला. मग शिडीवर चढले. झुंबर हुकात बसलं, वायरी जोडल्या, बल्ब लावला. खाली उतरून मेन चालू केला. मग डोळे गच्च मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा बटण दाबलं.

काहीच झालं नाही.

डोळे उघडले. सगळे माझ्याकडं बघत होते. मला फक्त बोर्ड दिसत होता, माझ्या नावाची जागा कोरी असलेला. तशीच पुन्हा शिडीवर चढले. बल्ब काढला, होल्डरमध्ये बोट घालून पिना दाबून बघितल्या, नखानं खरडल्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. घाम गळत होता. पंखे बंद आहेत हे कळलंच नाही, कारण घाम मला नेहमीच येतो. बल्ब परत बसवून रडवेली होऊन खाली उतरले, तेव्हा अक्का हळूच म्हणाल्या, "मॅडम, सकाळपासनं गावात लाईटच न्हाय."

"मग सांगितलं का नाही?"

"तुमी लाईटवाल्या. आमाला वाटलं, तुमाला ठावं असंल!"

तशीच परत आले. मामांना सांगितलं, टांगलंय, पण पेटलेलं बघितलं नाही. मामा "हं" म्हणाले. त्या "हं"मध्ये येरमाळ्याची गाडी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांचा फोन. मामांनी स्पीकरवर टाकला.

"दादा, झुंबर पेटलं बघा! सांजच्याला लाईट आली आन् घरभर उजेड!"

"बटण कुणी दाबलं?" मामांनी विचारलं.

"आमी कशाला हात लावू? मॅडमनीच दाबलेलं हाय की. त्या दुसऱ्यांदा वर चढून होल्डरमधी बोटं घालून बसल्या, तवाबी बटण चालूच हुतं. म्या जावंला म्हणलं, बघ, असं काळीज पायजे बाईचं!"

मी काउंटर धरला.

मामांनी फोन ठेवला. चाचांच्या हातातला ब्रश थांबला. मामा म्हणाले, "चाचा, बोर्ड उतरवा. हिचं नाव घाला, मोठ्या अक्षरात."

मग खुर्चीत बसत म्हणाले, "आन् आजच्या दिवस हिला कुठल्याच बटणाजवळ जाऊ देऊ नका!"