नावापुरती मालकीण

भाईंदर पूर्वेच्या खारी गावातल्या हेमांगीला मालकीण केलं ते आयकराने. नवरा योगेंद्रचा स्टीलचे डबे पॉलिश करण्याचा धंदा. सगळं उत्पन्न त्याच्या एकट्याच्या नावावर दिसलं की कर बसायचा. म्हणून त्यांचे सीए भावेशभाई यांनी सल्ला दिला, अर्धा धंदा बायकोच्या नावावर दाखवा. दुसऱ्या गाळ्याचा करार, बँकेचं खातं, जीएसटी, सगळं हेमांगीच्या नावावर झालं.

"तू फक्त सही कर," योगेंद्र म्हणाला होता.

ती सहीवर थांबली नाही. गाळ्यावर जाऊ लागली. पॅकिंगला गावातल्या बायका लावल्या, मिरा रोडच्या दुकानदारांशी हिंदीत भांडून ऑर्डरी आणल्या. तिचा गाळा त्याच्या गाळ्यापेक्षा नीट चालू लागला. घरात मात्र तिच्यासाठी शब्द एकच राहिला : नावापुरती.

मग बारा लाखांपर्यंतच्या उत्पन्नावरचा कर गेला. दोन्ही गाळ्यांचं मिळून तेवढं होत नव्हतं. भावेशभाई कागद घेऊन घरी आले.

"भाभी, अब टेन्शन खतम. सब योगेंद्रभाई के नाम पे कर देते हैं. आप आराम करो."

"आराम? मी थकले असं कोण बोललं?"

योगेंद्र हसला. "अगं, टॅक्स वाचवायला तुझं नाव घातलं होतं. आता तसाच वाचतोय. गाळा मी बघतो, तू घर बघ."

"बरा झाला," सासू रखमाबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या.

हेमांगीचा आवाज चढला. "सरकारने सूट टॅक्सला दिलीय. मला कामावरून काढायला नाही."

"काढतोय कुठे? तू नावापुरतीच होतीस ना?"

"बरं. भावेशभाई, गाळे का अ‍ॅग्रीमेंट किसके नाम पे है?"

"आपके, भाभी."

"खाता?"

"आपका ही."

"मग ऐक," ती नवऱ्याकडे वळली. "काम करायचं असेल तर माझ्याकडे पगारावर ये. टॅक्सची काळजी नको. बारा लाखांवर पगार मी देणार नाही."

भावेशभाईंनी हातातल्या चहाच्या कपात बघितलं. योगेंद्रने कागद आणि पेन तिच्यापुढे आपटलं. तिने हात लावला नाही. खुंटीवरची गाळ्याची किल्ली काढली.

"किल्ली ठेव!" तो ओरडला.

"नावापुरतीच नेतेय," ती चपला घालताना म्हणाली.

पॅकिंगच्या बायका शटरपाशी थांबल्या होत्या. तिने कुलूप उघडलं.