सुलटी केलेली पानं

माझा अजून संताप होतो, आणि निम्मा तर माझ्यावरच.

माझा मोठा भाऊ न्हावा शेव्याच्या बंदरात कंटेनरचा ट्रेलर चालवतो. मास्तर त्याला सगळ्यांसमोर ठोंब्या म्हणत, म्हणून आठवीत त्याने शाळा सोडली. पुस्तक दिसलं की उठून जायचा. मी मात्र शिकले, मराठी शिकवायला लागले आणि गावच्या वाचनालयाच्या समितीवर जाऊन बसले.

गेल्या वर्षी देणगीत एक भयकादंबरी आली. खाडीकाठच्या घरात शिरलेल्या भुताची. अर्धी गोष्ट पावत्या, नकाशे आणि फोटोंत, भुताचं बोलणं समासात बारीक अक्षरांत, काही पानं मुद्दाम उलटी छापलेली. मला दहा पानांत कंटाळा आला. भावाने सहज चाळली आणि सोडेचना. बंदराच्या रांगेत, केबिनमध्ये बसून, स्टिअरिंगवर पुस्तक गोल फिरवत वाचायचा. एका रविवारी म्हणाला, "बाय, फोटू बघ ना. दर फोटूत घराचा एक दरवाजा कमी हाय. लिवलाय का कुठं? नाय!"

माझ्या अंगावर काटा आला. मी साहित्य शिकवते आणि मला ते दिसलं नव्हतं. वर शहाणपणाने म्हणाले, "हे बघणं झालं, वाचणं नव्हे." जीभ का झडली नाही माझी! शिक्के, कंटेनरवरचे आकडे, आरशातला रस्ता हे सगळं एका नजरेत वाचणाऱ्या माणसाला मी वाचन शिकवत होते.

पंधरा दिवसांनी पुस्तक जमा करून पुन्हा न्यायचं, हा आमचा नियम. त्याने इमानदारीत जमा केलं. नेमकी तेव्हाच बाइंडिंगची यादी निघाली आणि मी न वाचता सही ठोकली.

पुस्तक परत आलं ते नव्या पुठ्ठ्यात. उलटी पानं सुलटी लावलेली, समास मशीनवर कापलेला, भुताची अर्धी वाक्यं कचऱ्यात. ग्रंथपाल खुशीत म्हणाले, "मॅडम, छापणाऱ्यानं घोळ घातला होता, नीट करून घेतलं." मी त्यांच्यावर ओरडले. बाइंडरला फोन करून नाही नाही ते बोलले. त्या बिचाऱ्याने जन्मभर केलं तेच केलं होतं.

भावाची शेवटची साठ पानं राहिली होती. उभ्याउभ्या त्याने ती चाळली, कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला. दुसरी प्रत शोधून आणते, मी म्हणाले.

"नको, बाय. तुमची पुस्तकां तुमीच वाचा. मना नको."