वहिनींनी न पाहिलेला बॉलर

वहिनींनी पहाटे हॉस्पिटलमध्ये डोळे मिटले, आणि ट्रॅव्हिसला ते कळवायला मी संध्याकाळपर्यंत थांबलो. नागपूरला फोन करून झाले, इथल्या, टेक्सासमधल्या अर्विंगच्या मित्रांना सांगून झालं, पण त्याला फोन लावला नाही. तशी वहिनींचीच ताकीद होती. "भाऊजी, मला काही झालं तर त्याची मॅच संपल्यावर सांगा. आधी सांगाल तर वर भेटल्यावर भांडेन." म्हणून घरात माणसं जमलेली असताना मी कोपऱ्यात बसून फोनवर बेसबॉल बघत होतो. बघणाऱ्यांना काय वाटलं असेल ते वाटो. मॅचच्या शेवटाकडे ट्रॅव्हिस मैदानात आला, तिघांना बाद करून परत गेला, आणि मग मी त्याला फोन केला. तो इंग्रजीत एवढंच म्हणाला, "काका, वैनीनं मला कधी नीट बघितलंच नाही."

शुभदावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा गेल्यानंतर अर्विंगपासून तासाभरावरच्या एका लहान गावात त्या एकट्याच राहायच्या. आमच्याकडे या म्हणून मी आणि माझ्या बायकोनं, सुनीतानं, पुष्कळ विनवलं, पण घर सोडायला त्या तयार नव्हत्या. त्या गावात बेसबॉलचा एक छोटा क्लब आहे. मोठ्या संघांनी सोडून दिलेली मुलं आणखी एक संधी मिळेल या आशेवर तिथं येऊन खेळतात. उन्हाळाभर त्यांची राहायची सोय गावातल्या घरांमध्ये होते, तशी तिकडची पद्धतच आहे. एक दिवस वहिनींनी सहज सांगितलं की मीही एक खेळाडू ठेवून घेतेय. आम्ही हादरलो. एकटी बाई, घरात अनोळखी तरणाताठा मुलगा... मी तसं बोलूनही दाखवलं. त्यावर त्या म्हणाल्या, "तुमचे दादा तरी लग्नाआधी कुठे माझ्या ओळखीचे होते?"

आला तो ट्रॅव्हिस. ओक्लाहोमातल्या एका खेड्यातला, दारातून वाकून आत येणारा, बोलताना स्वतःच्या बुटांकडे बघणारा. त्याचा बॉल ताशी शंभर मैलांच्या आसपास जायचा. एका मोठ्या क्लबनं त्यासाठीच त्याला घेतलं होतं आणि तो बॉल नेमका कुठे जाईल याचा भरवसा नव्हता म्हणून सोडूनही दिलं होतं. वहिनींच्या फ्रीझरमध्ये त्याच्या खांद्यासाठी बर्फाच्या पिशव्या येऊन बसल्या. एकदा बर्फ संपला तर पठ्ठ्यानं इंडियन ग्रोसरीतून आणलेलं खोवलेल्या नारळाचं गोठलेलं पाकीट खांद्याला बांधलं. वहिनींनी तेच पाकीट संध्याकाळी सोलकढीला वापरलं आणि मला मात्र ती पिऊन झाल्यावर सांगितलं.

वहिनी नागपूरच्या, आणि क्रिकेटचं वेड माहेरचं. त्यामुळे बेसबॉल आपल्याला शिकवायची कुणाला गरज नाही, अशी त्यांची ठाम समजूत. पहिल्या दोन-तीन मॅच त्या आमच्याबरोबर बघायला आल्या आणि दर वेळी जास्तच घुश्शात परतल्या. ट्रॅव्हिस आपला कुंपणापलीकडे बाकावर बसून राहायचा आणि मॅच संपत आली की त्याला बोलवायचे. संघातला सगळ्यात फास्ट बॉलर आणि त्याला नवा बॉल देत नाहीत म्हणजे काय! शेवटी बेसनाच्या लाडवांचा डबा घेऊन त्या थेट मॅनेजरसमोर उभ्या राहिल्या. मॅनेजर म्हणजे इथला कोच. सुरुवात याच्यापासून करा, असं त्यांनी त्याला स्पष्ट सांगितलं. माणूस भला होता. लाडू खात खात त्यानं समजावलं की बाई, इथे बॉल सारखा नवाच येतो. हा रिलीफ पिचर आहे. आधीचा बॉलर थकला, समोरच्यांची माणसं बेसवर, म्हणजे रनच्या वाटेतल्या थांब्यांवर, येऊन बसली की मॅच वाचवायला याला पाठवायचं. परतताना घर जवळ आल्यावर वहिनी गाडीत म्हणाल्या, "म्हणजे दुसऱ्यांनी सांडलेलं हा पुसतो. मग लोक ओरडतात याच्यावर का?"

ओरडायचे खरे. एका मॅचला सगळे बेस भरलेले असताना ट्रॅव्हिसला आणलं. तिथे चार बॉल बाहेर पडले की समोरच्याला फुकटात बेस मिळतो, आणि सगळे बेस भरलेले असले तर फुकटात रन. त्यानं एकाला तसं सोडलं, मग दुसऱ्याला. लोक नाही नाही ते ओरडायला लागले. वहिनी उठल्या, माझ्याकडून गाडीची किल्ली घेतली आणि गाडीत जाऊन बसल्या. त्या गेल्याबरोबर त्यानं पुढच्या तिघांना बाद केलं आणि मॅच वाचली. झालं! आपल्या नजरेमुळेच त्याचा हात बिघडतो, हे वहिनींच्या डोक्यात पक्कं बसलं. सचिन खेळत असताना ज्यांच्या घरात कुणाला पाणी प्यायलाही उठू दिलं नाही, त्यांना यात चेष्टा करण्यासारखं काही दिसणार नाही. त्यानंतर वहिनी प्रत्येक मॅचला जायच्या आणि पार्किंगमध्ये गाडीच्या काचा खाली करून, मांडीवर ताट घेऊन गवार मोडत बसायच्या. लोकांच्या आवाजावरून आत काय चाललंय ते त्यांना कळायचं.

उन्हाळा संपत आला तरी कुठल्याही मोठ्या क्लबचा फोन आला नाही. ट्रॅव्हिस सत्तावीस वर्षांचा झाला होता, आणि या खेळात ते वय काही कोवळं नाही. गावी त्याचा मेहुणा छपरं घालायची कामं घ्यायचा. तिकडेच जातो, असं त्यानं एका रविवारी जेवताना सांगितलं. आम्ही दोघंही होतो. मला वाटलं वहिनी रडतील, नाहीतर समजूत घालतील. त्यांनी आधी त्याला आणखी भात वाढला. मग आपल्या इंग्रजीत सावकाश म्हणाल्या, "तू किती जोरात टाकतोस ते मला ठाऊक नाही, मी बघतच नाही. मी बघते तू घरी कसा येतोस ते. इतकी शिवीगाळ ऐकून येतोस आणि तरी माझ्याशी धड बोलतोस. ज्या दिवशी माझ्यावर खेकसशील, त्या दिवशी मीच सांगेन, पुरे आता." त्यानं वाढलेला सगळा भात संपवला. छपरांचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढच्या वसंतात एका मोठ्या संघाच्या खालच्या क्लबनं त्याला घेतलं. तिथून तो एकेक पायरी चढत गेला, आणि मोठ्या लीगच्या फक्त एक पायरी खाली येऊन अडकला. चांगला महिना, वाईट महिना, परत चांगला. त्याच्या मॅच आता इंटरनेटवर दिसायच्या. वहिनी टॅब्लेट लावायच्या, आवाज मोठा करायच्या, आणि त्याचं नाव पुकारलं की उठून स्वयंपाकघरात जायच्या. त्यांचं हृदय थकत चाललंय हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा ट्रॅव्हिस सगळं सोडून यायला निघाला होता. वहिनींनी त्याला फोनवरच झापलं. मला मात्र तेव्हा राहवलं नाही. म्हटलं, वहिनी, आता तरी एकदा बघा हो त्याला. त्या हसल्या. "वर, मोठ्या लीगमध्ये गेला की बघीन. तिथे इतके लोक बघतात, माझ्या एकटीच्या नजरेनं काय होणार आहे?"

ते राहून गेलं. याचंच मला फार वाईट वाटतं, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. दोन मॅचच्या मधला एक दिवस काढून ट्रॅव्हिस आला, तेराव्याला आमच्या पंगतीत मांडी घालायचा प्रयत्न करत बसला. वहिनी आपल्यामुळे निराश होत्या का, असं त्यानं मला विचारलं. वर गेला की बघीन, हे त्यांचं बोलणं मी त्याला जसंच्या तसं सांगितलं. तो म्हणाला, "मग मला तिथे पोचायलाच हवं."

गेल्या आठवड्यात मी आणि सुनीता वहिनींच्या घरी सामान आवरत होतो, तेव्हा त्याचा फोन आला. मोठ्या संघातला कुणीतरी जखमी झाला होता आणि याला वर बोलावलं होतं. त्या संध्याकाळी आम्ही तिथेच थांबलो. दिवाणखान्यातली खोकी बाजूला सारून टीव्ही लावला. मॅच शेवटाकडे आली, दोन बेसवर माणसं होती, आणि कुंपणाचं दार उघडून ट्रॅव्हिस धावत मैदानात आला. केवढं ते मैदान, केवढी गर्दी! माझ्याही नकळत मी उठलो आणि स्वयंपाकघराकडे निघालो.

"अहो, बसा," सुनीता म्हणाली. "वहिनी आज बघणार होत्या."

मी येऊन बसलो. त्याचा पहिला बॉल बाहेर गेला. दुसराही गेला. आम्ही दोघं बघत राहिलो.